राजकारणात रस नसलेले पक्षीमित्र

“आम्हाला राजकारणात रस नाही. आम्ही फक्त पक्षी बघतो.”

हे वाक्य बोलताना माणसाची हनुवटी किंचित वर जाते आणि आवाज किंचित खाली येतो. जगाच्या चिखलातून आपण पाय वर काढून घेतले आहेत, याचं तेज चेहऱ्यावर पसरतं. दुर्बीण गळ्यात अडकवली की माणूस शुद्ध होतो, अशी या मंडळींची ठाम समजूत आहे. मी स्वतः पक्षी बघते, आयुष्याचा बराच भाग पाणथळींच्या काठावर घालवला आहे, आणि म्हणून स्पष्ट सांगते की हे वाक्य खोटं आहे. घरात बसून म्हटलं तर आळशी आहे. पण ज्या देशात पोलिसांच्या गोळीने माणसं मरताहेत, त्या देशाची सहल आखताना म्हटलं तर ते निर्लज्ज आहे.

निमित्त नेपाळचं. सप्टेंबर 2025 मध्ये आमच्या नाशिकच्या गटात तिथल्या कोशी टप्पू अभयारण्याचा बेत शिजत होता. 8 तारखेला काठमांडूत निदर्शनं करणाऱ्या तरुण पोरांवर गोळीबार झाला, एका दिवसात 19 जण गेले. 9 तारखेला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, संसद जळाली, सरकारी कचेऱ्यांचा सिंहदरबार जळाला. त्या संध्याकाळी आमच्या व्हॉट्सॲपवर पहिला प्रश्न कोणता आला? विमानाचे पैसे परत मिळतात का. दुसरा? कोशी टप्पू पूर्वेला आहे, तिकडे काही होत नसेल ना. तिसरा प्रश्न आलाच नाही. ही मुलं रस्त्यावर का उतरली, आपल्याला स्वॉम्प फ्रँकोलिन दाखवणारा तिथला माणूस आणि त्याच्या घरचे ठीक आहेत का, हे एकानेही विचारलं नाही. एकानेही!

मला नवल वाटलं नाही, कारण हे सगळं मी 2022 मध्ये श्रीलंकेच्या वेळी पाहिलं आहे. तिथलं प्रकरण मला जवळून माहीत आहे, आणि ‘राजकारणात रस नाही’ या बढाईचा खोटेपणा तिथे जितका उघडा पडतो तितका दुसरीकडे क्वचित पडतो. म्हणून लंकेबद्दल बोलते.

आपल्याकडच्या बहुतेक पक्षीनिरीक्षकांचा पहिला परदेश म्हणजे लंका. मुंबईहून जेमतेम अडीच-तीन तासांचं विमान, आणि एवढ्याशा बेटावर जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारे तिसाहून जास्त पक्षी. सिंहराजच्या जंगलात रेड-फेस्ड मालकोहा आणि ब्लू मॅगपाय, कितुलगलाला सेरेंडिब स्कॉप्स घुबड, हॉर्टन प्लेन्सच्या थंडीत व्हिसलिंग थ्रश, नुवारा एलियाच्या व्हिक्टोरिया पार्कात काश्मीर फ्लायकॅचर, उत्तरेला मन्नारच्या खाजणात क्रॅब प्लोव्हर. दहा-बारा दिवसांत यादी भरते. आमच्या गटाने फेब्रुवारी 2022 मध्ये पुढच्या जानेवारीसाठी सिंहराजच्या कुडवा बाजूचा एक गाइड ठरवला आणि बँकेमार्फत त्याला आगाऊ रक्कम पाठवली. त्याचं नाव देत नाही. माझ्या भांडणात त्याला ओढायचं कारण नाही.

मग तो देश कोसळला. तेरा-तेरा तास वीज जाऊ लागली. पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा छपाईला कागद नाही म्हणून पुढे ढकलल्या गेल्या. 31 मार्चला मिरिहाना इथल्या राष्ट्रपतींच्या घराबाहेर लोक जमले, 1 एप्रिलला आणीबाणी लागली, 9 एप्रिलपासून कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर तंबू पडले. 12 एप्रिलला सरकारने जाहीर केलं की परदेशी कर्ज फेडता येणार नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला अर्थमंत्री अली साबरी यांनी संसदेत सांगितलं की वापरता येईल असं परकीय चलन 5 कोटी डॉलरांपेक्षाही कमी उरलं आहे. सव्वादोन कोटी लोकसंख्येच्या देशाच्या तिजोरीत 5 कोटी डॉलर! पेट्रोलच्या रांगेत उभी असलेली माणसं थकून मेली. जूनच्या शेवटी पेट्रोल लिटरला लंकेच्या 470 रुपयांवर गेलं आणि अत्यावश्यक सेवा सोडून इतरांना ते मिळणंच बंद झालं. 9 जुलैला लोक राष्ट्रपतींच्या निवासात शिरले. तिथल्या तलावात पोहणाऱ्या पोरांची चित्रं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. 13 जुलैच्या पहाटे राष्ट्रपती गोटाबाया राजपक्ष लष्करी विमानाने मालदीवला पळाले.

त्याच आठवड्यात आमच्या गटाची बैठक भरली. चहा, भडंग, भिंतीवर लंकेचा नकाशा. नकाशावर रंगीत टाचण्या.

बैठकीत दोन पक्ष पडले, आणि दोन्ही सारखेच कोडगे निघाले. पहिला पक्ष म्हणाला, जाऊ या आणि आत्ताच पक्कं करू या, कारण लंका स्वस्त झाली आहे. मार्चच्या सुरुवातीला डॉलरला 200 च्या आसपास असलेला लंकेचा रुपया मे महिन्यात 360 पर्यंत घसरला होता. एका बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी कागदावर आकडेमोड करून दाखवली की त्याच पैशात आता दोन रात्री जास्त मिळतील आणि नुवारा एलियाला चांगल्या हॉटेलात उतरता येईल. वर त्यांनी सल्ला दिला, “पैसे बँकेत बदलायचे नाहीत हं. बाहेर जास्त भाव मिळतो.” ज्या देशात डॉलर नाहीत म्हणून औषधं मिळत नाहीत, तिथे आपले डॉलर काळ्या बाजारात विकून दोन पैसे कमवायचे! आणि हे सांगणारा माणूस बँकेतला. इतकी वर्षं काउंटरच्या आत बसून हे शिकले? दुसऱ्याचं घर जळताना त्याची भांडी स्वस्तात पदरात पाडून घेणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरा पक्ष संवेदनशील लोकांचा. अशा परिस्थितीत तिथे जाऊन मौजमजा करणं मनाला पटत नाही, असं त्यांचं म्हणणं. एका ताईंचा गळाही दाटून आला. मला क्षणभर बरं वाटलं. पुढच्या वाक्यात त्यांनी विचारलं, “मग आगाऊ रक्कम कधीपर्यंत परत येईल?”

नीट लक्षात घ्या. ज्या माणसाच्या देशात अन्न महागलं, गॅस मिळेना, डिझेल मिळेना, ज्याचा हंगाम बुडाला, त्याने आपल्याकडची थोडीफार शिल्लक विकून नाशिकच्या सुखवस्तू माणसांना परतफेड करायची, कारण यांचं मन फार कोमल आहे. करुणा यांची आणि तिचं बिल त्याच्या नावावर! मला पहिल्या पक्षापेक्षा या दुसऱ्या पक्षाचा जास्त राग आला, हे लपवत नाही. बँकवाले निदान आपला हावरटपणा उघड मांडत होते. या मंडळींनी त्याला अश्रूंचं वेष्टन घातलं होतं.

तेवढ्यात कुणीतरी गाइडला फोन लावून स्पीकरवर टाकला. मागून एका लहान मुलाचा आवाज येत होता. गाइड मोडक्या पण स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, “सर, दोन रात्री मी डिझेलच्या रांगेत व्हॅनमध्येच झोपलो, अजून नंबर लागला नाही. गॅस संपला आहे, बायको चुलीवर करते. पण तुम्ही या. जानेवारीपर्यंत काहीतरी होईल. नाही आलात तरी सांगा, म्हणजे मी दुसरं काही बघेन.” इतकं सगळं ऐकून आमच्यातल्या एका वरिष्ठांनी, ज्यांना सगळे ‘सर’ म्हणतात, विचारलं, “ते ठीक आहे, पण घुबडाची बसायची जागा तीच आहे ना? बदलली नाही ना?”

पलीकडे काही क्षण कुणी बोललं नाही. मग गाइडने शांतपणे सांगितलं, जागा तीच आहे सर.

मी तेव्हा भडकले आणि बोलायचं ते बोलले. उत्तर काय मिळालं? “अहो, तुम्ही प्रत्येक गोष्टीत राजकारण आणता. आम्हाला त्यात रस नाही.”

ठीक आहे. मग ज्यात तुम्हाला रस आहे त्याबद्दलच बोलू.

सिंहराज घ्या. कुडव्याच्या फाटकातून आत शिरलं की तुम्ही ज्या रुंद वाटेवरून चालता, ती वाट पक्षीनिरीक्षकांसाठी कुणी आखलेली नाही. ती लाकूडतोडीसाठी काढलेल्या रस्त्याचा उरलेला भाग आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला प्लायवूडसाठी या जंगलात यंत्रांनी तोड सुरू झाली होती. लोकांनी विरोध केला, अभ्यासकांनी विरोध केला, तो वाढत गेला, सरकार बदललं आणि 1977 मध्ये तोड थांबली. 1988 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. म्हणजे निषेध करणारी, सरकारला धारेवर धरणारी, सत्तापालट घडवणारी माणसं होती म्हणून हे जंगल उभं आहे. आणि त्याच वाटेवर तिपाई लावून हे सांगणार की यांना राजकारणात रस नाही!

त्याच वाटेवर सिंहराजचे ते प्रसिद्ध मिश्र थवे दिसतात. सरथ कोटगामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकापासून त्यांचा अभ्यास केला आहे. खाली झुडपांतून ऑरेंज-बिल्ड बॅबलर हे सातभाई कलकलाट करत पुढे सरकतात, वर शेंडीवाला कोतवाल पहारा देतो, ससाणा दिसला की ओरडतो, इतर पक्ष्यांच्या धोक्याच्या हाका हुबेहूब काढतो, आणि या दोघांच्या आधाराने डझनभर जातींचे पक्षी एकत्र चरतात. मालकोहा त्यातच असतो. थवा डोक्यावरून जातो तेव्हा पाच-सात मिनिटं कुठे बघावं कळत नाही. हे सगळं शाबूत आहे, कारण रस्ता होता तिथेच थांबला.

आता जंगलाच्या कडेला या. सिंहराजच्या भोवतालच्या गावांत लहान लहान चहाचे मळे आहेत. तुम्हाला राहायला खोली देणाऱ्यांपैकी कित्येकांचा अर्धा संसार त्या पाल्यावर चालतो. 2021 च्या एप्रिल-मे मध्ये राष्ट्रपतींनी रातोरात रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी घातली. ना तयारी, ना पर्यायी खत, ना शेतकऱ्याला विचारणं. भात पडला, चहा पडला, नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. चहा गेला. 2018 मध्ये 23 लाखांवर परदेशी पाहुणे आलेल्या देशात 2021 मध्ये दोन लाखसुद्धा आले नाहीत, म्हणजे दुसरी कमाईही गेली. मग गॅस गेला, आणि कोलंबोतल्या बायकासुद्धा सरपण शोधू लागल्या. जंगलाला लागून राहणाऱ्या माणसाकडे उत्पन्न नाही आणि चुलीत घालायला काही नाही, तेव्हा तो कुठे बघतो? मालकोहाच्या झाडाचं भवितव्य कोलंबोच्या बंदरात अडकलेल्या गॅसच्या टाक्यांशी बांधलेलं असतं. हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. जाताना गाडीच्या काचेतून बाहेर बघितलं तरी पुरतं.

मन्नारचं तर विचारूच नका. 1983 ते 2009 या यादवीच्या काळात तिथे दुर्बीण घेऊन हिंडणं दुरापास्त होतं. युद्ध संपलं, सुरुंग काढले गेले, तेव्हा कुठे वंकालैच्या पाणथळीत निवांत उभं राहता येऊ लागलं. मध्य आशियातून निघालेला स्थलांतराचा मार्ग या बेटावर संपतो. बेटाच्या पुढे दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत पाणीच. फ्लेमिंगो, क्रॅब प्लोव्हर, बदकांचे आणि किनाऱ्याच्या पक्ष्यांचे हजारोंचे जथे हिवाळाभर तिथे असतात. त्याच मन्नारमध्ये आणि जवळच्या पूनेरीनमध्ये अदानी समूहाचा पवनऊर्जा प्रकल्प यायचा होता. जून 2022 मध्ये, म्हणजे आमचे वरिष्ठ घुबडाच्या जागेची चिंता करत होते त्याच्या महिनाभर आधी, लंकेच्या वीज मंडळाच्या अध्यक्षांनी संसदीय समितीपुढे सांगितलं की भारताच्या पंतप्रधानांच्या दबावामुळे हा प्रकल्प अदानींना द्यावा, असं राष्ट्रपती आपल्याला म्हणाले. राष्ट्रपतींनी इन्कार केला, अध्यक्षांनी विधान मागे घेतलं आणि तीन दिवसांत राजीनामा दिला. खरं काय ते त्यांचं त्यांना माहीत. पण पुढे 2024 मध्ये तिथले पर्यावरणवादी पक्ष्यांच्या मार्गाचा मुद्दा घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये कंपनीने माघार घेतली.

पवनचक्क्या हव्यात की नकोत, यावर प्रामाणिक माणसांचे मतभेद असू शकतात. तेरा तास अंधारात बसलेल्या देशाला वीज हवीच आहे. पण त्या खाजणातल्या पक्ष्यांच्या डोक्यावर काय उभं राहील, ते दिल्ली, कोलंबो आणि अहमदाबाद मिळून ठरवत होते. आपण भारतीय मतदार आहोत. त्या टेबलावरची एक खुर्ची आपल्या नावावर होती. आणि आमच्या गटातल्या एकाही शहाण्याला याचा पत्ता नव्हता. क्रॅब प्लोव्हरच्या पायाचा रंग, पिसांच्या अवस्था, भरती-ओहोटीचं वेळापत्रक, सगळं तोंडपाठ. त्याच्या घरावर कोण बोली लावतंय, ते मात्र माहीत करून घ्यायचं नाही. का? तर पावित्र्य बिघडतं.

काश्मीर फ्लायकॅचर नुवारा एलियाच्या बागेत हिवाळा काढतो आणि उन्हाळ्यात काश्मीरच्या जंगलात घरटं करतो. त्याच्या आयुष्याची दोन्ही टोकं जगातल्या सर्वांत राजकीय भूमीत खोचलेली आहेत, आणि त्याचा फोटो भिंतीवर लावून तुम्ही अलिप्ततेच्या गप्पा मारता? पावसाळ्यात कोकणात घरटं करणारा नवरंग थंडीत त्याच बेटापर्यंत उतरतो. फार लांब कशाला जायचं? आमचं नांदूर मध्यमेश्वर. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, 2020 चं. आम्ही सगळे तिथेच लहानाचे मोठे झालो. ते गोदावरीवरच्या बंधाऱ्याचं पाणी आहे. कुठल्या वर्षी किती पाणी राहणार हे नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्या भांडणात, जायकवाडीला सोडायच्या आवर्तनात, मोर्चात आणि न्यायालयात ठरतं. बदकं उतरली नाहीत की हेच लोक हळहळतात. पाणी कुणी सोडलं आणि कुणी अडवलं, हे विचारलं की मान फिरवतात.

अखेर जानेवारी 2023 मध्ये गटातले निम्मे लोक लंकेला गेले. मीही गेले. तोवर गोटाबायांनी राजीनामा दिला होता, रनिल विक्रमसिंघे राष्ट्रपती झाले होते, इंधन क्यूआर कोडवर मिळत होतं आणि रांगा ओसरल्या होत्या. वीज रोज दोन-सव्वादोन तास जात होती. सप्टेंबरात कोलंबोतली महागाई 70 टक्क्यांच्या घरात आणि अन्नाची 95 च्या आसपास गेली होती. त्या किमती खाली आल्या नव्हत्या, फक्त तितक्या वेगाने वाढत नव्हत्या. निघण्याआधी गाइडने एकच गोष्ट मागितली होती, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या. चिठ्ठीचा फोटोही पाठवला होता. सामान भरताना गटात काय चर्चा झाली असेल? लेन्सा, तिपाया, चार्जर यांत वजन संपतंय, गोळ्यांचं नंतर बघू. गोळ्यांची पाकिटं किती जड असतात? मी आणि आणखी एकाने त्या नेल्या, म्हणून पोहोचल्या.

सेरेंडिब घुबडाची सकाळ सांगते. या घुबडाची हाक दीपल वारकागोडा यांनी 1995 मध्ये पहिल्यांदा ऐकली आणि पक्षी दिसायला जानेवारी 2001 उजाडला. तोवर विज्ञानाला तो माहीतच नव्हता. दिवसा तो जमिनीपासून थोड्याच उंचीवर गचपणात बसून राहतो, आणि तो शोधणं हे स्थानिक ट्रॅकरचं काम. आमचा ट्रॅकर रबरी चपला घालून वेताच्या काट्यांत शिरला. आम्ही जळवांचे मोजे चढवून वाटेवर उभे. बराच वेळ नुसता पानांचा आवाज. मग त्याने हळू शीळ घातली, आणि एकेकाला वाकवत, खांदा धरून, पाय कुठे ठेवायचा ते दाखवत आत नेलं. वाळल्या पानांमध्ये विटकरी रंगाचा एक गोळा, त्यात दोन केशरी डोळे. कानांची शेंडी नाही, हालचाल नाही. मी श्वास रोखून बघत राहिले. माझ्यानंतर आमचे वरिष्ठ गेले आणि दबक्या आवाजात ट्रॅकरला म्हणाले, “समोरची ती एक काडी तोड ना, फ्रेममध्ये येते.”

ट्रॅकरने मान हलवली. नाही म्हणाला. त्याच्या पिंढरीवरून रक्ताची धार उतरत होती, खिशात त्या दिवसाची मजुरी अजून पडायची होती, समोर बक्षिसी देणारं गिऱ्हाईक, आणि तरीही तो नाही म्हणाला. रात्री जेवताना वरिष्ठांनी तक्रार केली की इथल्या लोकांना अजून सर्व्हिस जमत नाही.

तर मुद्दा असा. अशांत देशात पक्षी बघायला जावं की नाही? माझं उत्तर आहे, जावं. पण तो निर्णय कोथरूडच्या दिवाणखान्यात किंवा नाशिकच्या भडंगाभोवती घ्यायचा नसतो. तिथला माणूस ‘या’ म्हणाला तर जायचं, ‘नका येऊ’ म्हणाला तर मुकाट घरी बसायचं. ‘या’ म्हणतानाही तो मनापासून म्हणतोय की पोटाच्या धाकाने, हे कळण्यासाठी आधी त्याचं नुकसान आपल्या अंगावर घ्यावं लागतं. आगाऊ रक्कम सरळ सोडून द्यायची, आलो किंवा न आलो तरी ती त्याची, हे पहिल्याच फोनवर सांगायचं. मगच तो खरं बोलेल. नाहीतर त्याच्याकडून सुरक्षिततेचं खरं उत्तर मिळेल अशी अपेक्षा ठेवायचा तुम्हाला अधिकार काय?

डिझेलचे पैसे जे लागतील ते, घासाघीस न करता. रुग्णवाहिकेला तेल मिळत नसताना आमच्या जीपला कुठून तरी मिळव, असं चुकूनही म्हणायचं नाही. चलन बँकेतच बदलायचं. कार्यक्रमात मोकळे दिवस ठेवायचे, कारण संचारबंदी तुमच्या मालकोहाला विचारून लागत नसते. विमा काढताना कागद वाचायचा. बहुतेक पॉलिसींत दंगल आणि नागरी अशांतता वगळलेली असते, आणि बातमी सगळ्यांना माहीत झाल्यावर काढलेला विमा तर कामालाच येत नाही. आणि जायच्या आधी त्या देशात काय चाललंय ते वाचायचं. पक्ष्यांच्या पुस्तकाइतकं वाचायचं. ज्याच्या व्हॅनमध्ये बारा दिवस बसायचं त्याच्याशी बोलायला निदान एक तरी विषय असावा.

एक तिसरी जमातही आहे, धाडसवीरांची. परत आल्यावर हे ‘कर्फ्यूमध्ये बर्डिंग’ अशी सादरीकरणं करतात. त्यांना एवढंच सांगणं की लंकेत संचारबंदीच्या काळात परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट आणि विमानाचं तिकीट हाच विमानतळापर्यंतचा परवाना होता. तुम्हाला वाट मोकळी होती. तुम्हाला सोडून रिकामी व्हॅन घेऊन रात्री परत जाणाऱ्या चालकाच्या हातात तसलं काही नव्हतं. धाडस त्याचं होतं. सादरीकरणात त्याचा एकही फोटो का नसतो?

आता नेपाळ. कोशी टप्पूच्या गाइडशी मी बोलले आहे. सध्या या म्हणतोय, पण काठमांडूमार्गे नको, जोगबनी-विराटनगरच्या बाजूने या म्हणतोय. गटाने त्याला आगाऊ रक्कम दिलेली आहे आणि चौघांनी ती परत मागितली आहे. हिशेब माझ्याकडे आहे म्हणून त्या चौघांना इथेच जाहीर सांगते, ते पैसे मी त्याच्याकडे मागणार नाही. तुम्हाला हवे असतील तर माझ्या घरी या, मी माझ्या खिशातून देते. येताना सोबत एक कागद आणा आणि त्यावर आपल्या हस्ताक्षरात लिहा, की हे पैसे मला त्या माणसापेक्षा जास्त गरजेचे आहेत. खाली सही करा. मग मोजून घेऊन जा.